बंद एसी, उभी गाडी

निवृत्त झालो त्या वर्षी आम्ही दोन गोष्टी घेतल्या. बेडरूमसाठी एसी आणि पोर्चमध्ये उभी करायला एक छोटी, चांदी रंगाची गाडी. कोराडीच्या वीज केंद्रात मी सगळी नोकरी केली, त्यातली बहुतेक वर्षं कंट्रोल रूममध्ये. कॉलनीच्या क्वार्टरमध्ये होतो तोवर येण्याजाण्याचा खर्च असा कधी जाणवलाच नाही, ड्यूटीला बस दारात यायची. नागपुरात मनीषनगरला प्लॉट घेऊन ठेवला होता. त्यावर तीन खोल्यांचं घर बांधलं आणि आम्ही दोघं तिथे राहायला आलो. मुलगी लग्न होऊन पुण्याला गेली होती. गाडी घरी आली त्या दिवशी बायको म्हणाली, "चला, आता रामटेकले जायले बसची वाट पाहा लागणार नाही." तिचं माहेर रामटेकजवळचं, धानाच्या शेतीचं.

पहिली पाचेक वर्षं बरी गेली. मग माझ्यात फरक पडत गेला. आमच्यासारख्यांना सरकारी नोकरांसारखी पेन्शन नसते. फंडाची थोडीशी येते, बाकी सगळं निवृत्तीच्या पैशावरचं व्याज. एकदा मुदत संपलेली ठेव पुन्हा ठेवायला बँकेत गेलो, तर व्याजाचा दर खाली आलेला. त्याच महिन्यात गाडीचा विमा भरायचा होता, सर्व्हिसिंग होतं, आणि वर मे महिन्याचं विजेचं बिल. बँकेच्या पायऱ्या उतरताना मनात आलं, मी पंचाऐंशी वर्षं जगलो तर? तो प्रश्न डोक्यात शिरला तो शिरलाच. बायकोला काही बोललो नाही. मी तिला काळजीत टाकत नाही, अशी माझी समजूत होती.

सुरुवात गाडीपासून केली. पुलाच्या उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडायची. दोन कामं साठल्याशिवाय बाहेर काढायची नाही. गाडीतला एसी लावायचा नाही. टाकीत कधी जास्त पेट्रोल भरायचं नाही, कारण उभ्या गाडीत पेट्रोल कशाला अडकवून ठेवायचं. पुढे पुढे मी बसने आणि पायीच फिरू लागलो आणि गाडीवर कव्हर चढवलं. संक्रांतीनंतर तर ती हललीच नाही. बॅटरी उतरू नये म्हणून मी तिची एक वायर काढून ठेवली आणि स्वतःवर खूश झालो.

विजेचं वेड त्याहून वाईट होतं. रोज सकाळी चहाआधी मी मीटर बघायला जायचो. महिन्याचं तीनशे युनिटच्या आत राहिलं पाहिजे, कारण त्यावर गेलं की दर चढतो. बाहेरच्या खोलीत मोठा कूलर होता. नागपूरच्या उन्हाळ्यात कूलरशिवाय घर म्हणजे राहण्यालायकच नाही, त्यामुळे त्याला माझी हरकत नव्हती. माझा राग एसीवर होता. झोपताना एक तास, बस. एका दुपारी मी बाहेरून आलो तर बेडरूमचं दार बंद आणि आत एसी चालू. बायको पलंगावर पडून पेपर वाचत होती.

"हे काहून लावून ठेवलं?" मी विचारलं.

"डोकं दुखून राहिलं होतं. कूलरच्या आवाजानं अजूनच दुखते," ती म्हणाली.

"अन् बिल आलं की माझं दुखते, त्याचं काय?"

ती उठली, रिमोट माझ्या हातात दिला आणि स्वयंपाकघरात गेली. मी पॅसेजमध्ये गेलो, वरच्या बोर्डाचं झाकण उघडलं आणि एसीचा एमसीबी खाली पाडला. बोर्ड उंचावर आहे. माझा हात पोचतो, तिचा पोचत नाही. हे मला एमसीबी पाडताना माहीत होतं. इतकी वर्षं झाली, ती गोष्ट मी स्वतःपासून लपवू शकलेलो नाही.

त्याच वर्षी मे अखेरीस, नवतप्यात, कूलरची मोटर जळली.

नवतपा म्हणजे आमच्याकडे उन्हाळ्यातले सगळ्यात कडक नऊ दिवस. रस्त्यावर माणूस दिसत नाही. घरातल्या नळाचं पाणी हात भाजेल इतकं तापतं. अशात मोटर जळाली तर माणूस मेकॅनिकला घरी बोलावतो आणि नवी बसवून घेतो. मी तसं केलं नाही. मोटर स्वतः खोलली आणि इतवारीतल्या एका ओळखीच्या दुकानात वाइंडिंग करून आणायचं ठरवलं. पण पहिल्या दिवशी दुकान बंद, दुसऱ्या दिवशी माझेच पाय चालेनात. दोन दिवस आम्ही नुसत्या पंख्याखाली काढले. बायको ओला टॉवेल मानेवर ठेवून स्वयंपाक करत होती. तिला ब्लडप्रेशरच्या दोन गोळ्या होत्या, त्यातली एक लघवीची. अशा माणसाच्या अंगातलं पाणी लवकर कमी होतं, हे मला नंतर कळलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी मोटर पिशवीत घातली, तोंडाला दुपट्टा बांधला.

"एसी तरी चालू करून जा," ती म्हणाली. विनवणी नव्हती त्यात, सरळ म्हणाली.

"एक वाजेपर्यंत येतोच मी. तोवर पन्हं पी अन् पडून राहा."

मी गाडीच्या कव्हरला हात लावून बाहेर पडलो आणि बस पकडली.

दुकानदार म्हणाला, "दोन तास बसा, आजच देतो." मी बसलो. समोरच्या दुकानाच्या सावलीत कुत्री गटाराच्या ओलीत पडली होती. एक वाजला, दीड वाजला. मोटर अजून सुकवायची होती. पावणेदोनला मी घरी फोन लावला. बराच वेळ वाजला, मग तिने उचलला.

"उशीर होईल थोडा. काय करून राहिली?"

"तयारी," ती म्हणाली.

"कशाची?"

"तुम्ही विसरले का? रामटेकले जायचं आहे न. साडी सापडून नाही राहिली. बाबा केव्हाचे बसले आहेत बाहेर."

तिच्या वडिलांना जाऊन तेव्हा बावीस वर्षं झाली होती.

मला वाटलं झोपेतून उठली असेल. "अवं, झोपली होती का तू?" मी विचारलं. ती हसली. मग काहीतरी पुटपुटली. तिची जीभ जड झाली होती, शब्द एकमेकांत शिरत होते. मग फोन कुठेतरी पडल्याचा आवाज आला. पंख्याची घरघर तेवढी ऐकू येत राहिली. मी ओरडत होतो, दुकानदार माझ्याकडे पाहत होता.

शेजारच्या घरात एक ताई राहतात. सरकारी दवाखान्यात स्टाफ नर्स होत्या, माझ्याच आसपास निवृत्त झाल्या, एकट्याच असतात. सकाळी मीटरपाशी उभा दिसलो की कुंपणावरून "जयभीम भाऊ, किती झाले युनिट?" असं विचारायच्या. त्या थट्टेचा मला राग यायचा. मी त्यांना फोन लावला. दुसऱ्या रिंगला उचलला.

"ताई, घरी जा आमच्या. मागचं दार उघडं असेल. ती कसंतरीच बोलून राहिली."

"फोन चालू ठेवा," त्या म्हणाल्या.

त्यांच्या चपलांचा आवाज, फाटकाची कडी, मग दार. तोवर मी मोटर दुकानातच टाकून रस्त्यावर आलो होतो. रिक्षाला हात करत होतो. दोन रिक्षा थांबल्या नाहीत. कानात ताईंचा आवाज आला. त्या बायकोला हाक मारत होत्या. मग माझ्याशी बोलल्या, अगदी कामाच्या आवाजात.

"भाऊ, पॅसेजमध्ये खाली बसली आहे, भिंतीले टेकून. अंग भयानक तापलं आहे अन् घामाचा थेंब नाही. ऊन लागलं आहे. एसीचं रिमोट कुठं आहे?"

"टीव्हीपाशी. पण ताई, तो चालू होणार नाही."

"काहून?"

"एमसीबी पाडला आहे. वरच्या बोर्डात, डावीकडून तिसरा."

काहीतरी सरकल्याचा आवाज आला. मग म्हणाल्या, "म्हणून इथं स्टूल आहे."

मी भर उन्हात रस्त्याच्या कडेला उभा होतो. ती स्टूल ओढत तिथवर गेली होती. चढता आलं नसेल, किंवा चढून उतरली असेल, किंवा आपण कशाला आलो हेच विसरली असेल. काय झालं ते आम्हाला कधीच कळलं नाही.

"मी ॲम्ब्युलन्स बोलावू का? का कोपऱ्यावरच्या घरातल्या मुलाले म्हणू गाडी काढ?" ताईंनी विचारलं.

आणि मी म्हणालो, "नाही नाही, गाडी घरीच आहे आपली. मी येतोच. तुम्ही तोवर पाणी टाका अंगावर."

हे मी का म्हणालो? गाडी आहे याचा आधार वाटला असेल. तिची वायर मी स्वतःच्या हाताने काढली होती, पण त्या क्षणी डोक्यात फक्त पोर्चमध्ये उभी असलेली चांदी रंगाची गाडी होती, दोघांना घेऊन निघायला तयार.

तिसरी रिक्षा थांबली. चालवणारा पन्नाशीचा, डोक्याला ओलं फडकं बांधलेलं. "मनीषनगर," मी म्हणालो, आणि सवयीने, अगदी तोंडातून सुटून गेलं, "किती घेणार?" त्याने सांगितलं. मी म्हणालो, "जास्त सांगून राहिले." त्याने माझ्या तोंडाकडे पाहिलं. तेव्हा कुठे मी भानावर आलो आणि आत बसलो. "बायको सीरियस आहे. लवकर घ्या," मी म्हणालो. तो लगेच निघाला.

तो अर्धा तास मी सांगू शकत नाही. वारा तोंडावर आगीसारखा येत होता. ताईंचा फोन दोनदा आला. एसी सुरू झाला होता. त्यांनी बायकोला बाथरूममध्ये नेऊन अंगावर पाणी ओतलं, ओली चादर गुंडाळली, फ्रिजमधला होता नव्हता तो बर्फ काखेत ठेवला. "उलटी झाली. नाव विचारलं तर नाही सांगून राहिली. कुठवर आले?" मी दर वेळी म्हणायचो, आलोच. पुलावर ट्रकमागे अडकलो तेव्हा रिक्षावाल्याने उलट्या बाजूने रिक्षा घातली. मी डोळे मिटले.

घरी पोचलो तसा मी आत न जाता आधी गाडीकडे धावलो. कव्हर ओढलं, धुळीने डोळे भरले. बॉनेट उघडलं. वायर लावायला पाना हवा होता, तो आत कपाटात. पाना आणला, तर नट सापडेना. कशीबशी वायर लावली. चावी फिरवली. नुसती टिकटिक झाली. पुन्हा फिरवली, तीही गेली. खाली पाहिलं तर मागचं चाक बसलेलं होतं. तरी मी चावी फिरवतच होतो. ताईंनी दारातून ओरडून विचारलं, "भाऊ, काय करून राहिले तुम्ही!"

रिक्षावाला पैसे न मागता फाटकाबाहेर उभा होता. तो आत आला, त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "काका, गाडी-बिडी छोडो. काकूले आणा. माझी रिक्षा चालू आहे."

आम्ही तिघांनी तिला उचललं. ओल्या चादरीत ती फार लहान दिसत होती. डोळे अर्धे उघडे, पण बघत कुणाकडेच नव्हते. रिक्षात मध्ये ती, एका बाजूला ताई, दुसऱ्या बाजूला मी. ताई बाटलीतलं पाणी तिच्या डोक्यावर थोडं थोडं ओतत होत्या आणि मला म्हणत होत्या, "वारा लागू द्या, झाकू नका तिले." दहा मिनिटांवरच्या दवाखान्यात स्ट्रेचर आलं आणि तिला आत नेलं. गाडीपाशी मी किती वेळ घालवला? ताईंच्या म्हणण्याप्रमाणे सहा-सात मिनिटं. मी त्यांना पुन्हा कधी विचारलं नाही.

दवाखान्यात डॉक्टर तरुण होती. तिने विचारलं, "घरी कूलर-एसी काही नाही का?" ताई माझ्याकडे बघत नव्हत्या, त्या खाली बघत होत्या. मी म्हणालो, "आहे. बंद केला होता." "बिघडला होता?" "नाही. मी बंद केला होता." तिने कागदावरून मान वर केली.

दोन दिवस बायको आयसीयूत होती. किडनीवर ताण आला आहे, बघू, असं सांगत होते. मुलगी दुसऱ्या दिवशी सकाळी पोचली. बाहेरच्या बाकावर मी तिला सगळं सांगितलं, एमसीबी, स्टूल, गाडी, काहीच ठेवलं नाही. तिला दुसरीकडून कळलं असतं तर मला तोंड दाखवता आलं नसतं. ती ऐकत होती. शेवटी म्हणाली, "बाबा, पैसे कमी पडत होते तर मला सांगायचं होतं."

"कमी पडत नव्हते," मी म्हणालो. "कमी पडतील असं वाटत होतं."

ती उठून व्हरांड्याच्या टोकाला गेली आणि बराच वेळ माझ्याकडे पाठ करून उभी राहिली.

तिसऱ्या दिवशी बायको मला ओळखून बोलली. आवाज बारीक होता. "मोटर झाली का?" हा तिचा पहिला प्रश्न. मी नाही म्हणून मान हलवली. मग मी तिला म्हटलं की माझ्यामुळे झालं हे सगळं. तिने डोळे मिटले. मला वाटलं झोपली. थोड्या वेळाने ती डोळे न उघडताच म्हणाली, "तुम्ही मले मोजत होते. युनिटं नव्हते मोजत, मले मोजत होते. किती वेळ पंख्याखाली बसते, किती वेळ आत जाते. मले ते समजत होतं." मी तिचा हात धरायला गेलो. तिने तो काढून घेतला नाही, पण माझा हात धरलाही नाही.

ती घरी आली ती पाऊस सुरू झाल्यावर. मुलगी महिनाभर राहिली. जायच्या आदल्या दिवशी आम्ही तिघं जेवणाच्या टेबलाशी बसलो आणि पहिल्यांदा मी सगळा हिशेब दोघींसमोर मांडला. ठेवी, व्याज, पेन्शन, दर महिन्याचा खर्च. बायकोने चष्मा लावून सगळं वाचलं. वाचून झाल्यावर ती म्हणाली, "एवढंच होतं? याच्यासाठी चार वर्षं तोंड बांधून बसले?" मग तिनेच ठरवलं. गाडी विकायची. ती उभी ठेवली तरी विमा मागते आणि चालवली तर सर्व्हिसिंग, टायर, पेट्रोल. वर आता माझे डोळेही पूर्वीसारखे नाहीत. आलेले पैसे वेगळे ठेवायचे, त्यातून रिक्षा आणि कधी लांब जायचं तर भाड्याची गाडी. एसी सव्वीसवर, सोबत पंखा, दुपारी बारा ते चार. पश्चिमेच्या खिडकीला जाड पडदा. बोर्डाला माझा हात लागणार नाही.

"अन् बिल?" मी विचारलं. जुन्या सवयीने.

"येईल तसं भरू," ती म्हणाली.

गाडी न्यायला कामठीचा एक माणूस आला. नवी बॅटरी लावून, चाकात हवा भरून त्याने ती पोर्चमधून बाहेर काढली. बायको दारात आली नाही. मी फाटक लावून घेतलं. पोर्चमध्ये तेलाचा एक डाग होता. तो घासून काढायला मला दोन दिवस लागले.

सगळं बरं झालं असं मात्र मी म्हणणार नाही. पुढच्या उन्हाळ्यात एका दुपारी आमच्या गल्लीची लाइट गेली. ट्रान्सफॉर्मर जळाला होता. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. मी टॉवेल ओले केले, बादली भरली, तिला म्हटलं आडवी हो. तिच्या कपाळाला हात लावला, मानेला लावला. घाम आहे का बघितलं. नाव विचारलं. तिने माझा हात बाजूला केला.

"मी बरी आहे."

"रिक्षा बोलावतो. दवाखान्यात जाऊन नुसतं बसू. तिथं थंड असते."

"अहो, मी बरी आहे म्हणते न!"

मी ऐकलं नाही. फोन हातात घेतला. तेव्हा ती उठून बसली आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्यावर ओरडली. "आधी बिलाच्या भीतीनं मले घरात कोंडलं, आता मी मरीन या भीतीनं कोंडून राहिले! भीती तुमची, अन् कोंडायचं मी. दोन्ही वेळेस मीच काहून?"

मी फोन खाली ठेवला. आम्ही दोघं अंधारलेल्या खोलीत घामाने निथळत बसलो. पाऊण तासाने लाइट आली. एसी सुरू झाला, पण ती बेडरूममध्ये गेली नाही. ऊन उतरेपर्यंत बाहेरच्या खोलीतच बसून राहिली.

साडेपाचला तिने साडी बदलली, पर्स घेतली, शेजारच्या ताईंना हाक मारली. दोघी बर्डीच्या बाजारात चालल्या होत्या, ताईंना चष्म्याची फ्रेम घ्यायची होती. मी म्हटलं, "मी येऊ का सोबत?"

"नको," ती म्हणाली. "भात लावून ठेवा साताले."

गल्लीच्या टोकाशी त्यांना रिक्षा मिळाली. मी फाटकाशी उभा होतो. रिक्षा वळून दिसेनाशी झाली, तरी थोडा वेळ उभाच राहिलो. मग आत जाऊन तांदूळ धुतले.